तीनशे रकान्यांचा पसंतीक्रम

बारावीनंतर अभियांत्रिकीला जाऊ पाहणाऱ्या मुलाला आपल्या राज्यात एक अर्ज भरावा लागतो. त्याला कोणी ऑप्शन फॉर्म म्हणते, कोणी विकल्प अर्ज. त्यात कॉलेज आणि शाखा यांच्या जोड्या एकाखाली एक, आपल्या आवडीच्या क्रमाने मांडायच्या असतात. जास्तीत जास्त तीनशे. हाताशी मोजके दिवस असतात. सही नाही, निबंध नाही, मुलाखत नाही. सतराअठरा वर्षांच्या मुलाची पुढची चार वर्षे कोणत्या गावात, कोणत्या विषयात आणि किती पैशांत जाणार हे या यादीवर ठरते. प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी दोन वर्षे आणि लाखभर रुपये खर्च करणारी घरे या यादीसाठी एक संध्याकाळ देतात, तीही बहुधा नेट कॅफेतल्या खुर्चीवर.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे गणित शिकवले. निवृत्तीनंतर जून-जुलैमध्ये माझ्या ओसरीवर मुले आणि त्यांचे पालक याद्या घेऊन येऊ लागले. त्यांचा प्रश्न नेहमी एकच असतो: ‘सर, वर काय टाकू?’ या प्रश्नाचे उत्तर गणितात आहे आणि ते साठ वर्षांहून जुने आहे. ते गणित आणि आपल्या राज्याच्या नियमांनी त्याचे काय केले, या दोन्ही गोष्टी इथे मांडतो.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १९६० साली डेव्हिड गेल या गणितज्ञाने ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात येल विद्यापीठाच्या प्रवेशप्रक्रियेवरचा एक लेख वाचला. येलची अडचण अशी होती की किती मुलांना प्रवेश देऊ केला म्हणजे नेमकी हवी तितकी येतील, हे कळायला मार्ग नव्हता. मुलगा चार ठिकाणी अर्ज करतो; त्याची पहिली पसंती कोणती हे कॉलेजला माहीत नसते आणि विचारले तर तो खरे सांगेलच असे नाही. गेलने हा प्रश्न काही गणितज्ञांना पत्राने कळवला: मुलांची आवड आणि कॉलेजांची निवड दोन्ही दिलेली असताना, ज्यात कोणालाही बाजूने परस्पर सौदा करावासा वाटणार नाही अशी जोडणी नेहमी करता येईल का? लॉइड शॅप्ली यांचे उत्तर उलटटपाली आले. नेहमी करता येते, आणि अशी करायची. दोघांचा निबंध जानेवारी १९६२ च्या ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त छापला गेला. अवघी सात पाने. त्यात समीकरण जवळजवळ नाही. मी तो अकरावीच्या हुशार मुलांना वाचायला देत असे आणि त्यांना तो समजत असे. शॅप्ली यांना याच कामासाठी २०१२ साली ॲल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल २००८ मध्येच वारले होते.

ही पद्धत समजून घेण्यासाठी आधी तिच्यासारखीच दिसणारी एक चुकीची पद्धत पाहू. तीन मुले घ्या: अनिता, बाळू, चेतन. गुणवत्ता यादीत याच क्रमाने. तीन कॉलेजे: पुणे, सांगली, नागपूर, प्रत्येकी एक जागा. अनिताला पुणे हवे, मग सांगली, मग नागपूर. बाळूलाही तसेच. चेतनची पहिली पसंती सांगली, दुसरी पुणे, तिसरी नागपूर.

समजा, प्रत्येक कॉलेजने आधी पहिली पसंती देणाऱ्यांनाच पाहिले आणि जागा तिथल्या तिथे देऊन टाकली. पुण्याकडे अनिता आणि बाळू आले. अनिता वरची, जागा तिची. सांगलीकडे एकटा चेतन आला, जागा त्याची. बाळू दुसऱ्या पसंतीने सांगलीला गेला तेव्हा दार बंद. तो नागपूरला गेला. चेतनपेक्षा बाळूचा क्रमांक वरचा, तरी सांगली चेतनला. बाळूचा गुन्हा इतकाच, की त्याने पुणे वर लिहिले.

गेल-शॅप्ली पद्धतीत एकच फरक आहे. कॉलेज जागा देत नाही, राखून ठेवते. सांगलीने चेतनला तात्पुरते धरले. पुण्याने नाकारलेला बाळू सांगलीकडे आला. सांगलीने दोघांकडे पाहिले, वरचा म्हणून बाळूला धरले आणि चेतनला सोडले. चेतन आपल्या दुसऱ्या पसंतीने पुण्याला गेला. तिथे अनिता आहे, ती वरची, चेतनला नकार. तो नागपूरला गेला. आता कोणालाही नवा अर्ज करायचा उरला नाही; तेव्हा कुठे सगळ्या जागा पक्क्या झाल्या. बाळूने पुणे वर लिहिले याची त्याला काहीही किंमत मोजावी लागली नाही. चेतनला वाईट वाटेल, पण त्याला ‘माझ्या खालच्याला माझी जागा दिली’ असे म्हणता येणार नाही. गणितात या अवस्थेला स्थैर्य म्हणतात.

या पद्धतीत मुलाने खोटा क्रम लावून त्याचा फायदा होऊ शकत नाही, हे पुढे १९८१ आणि १९८२ साली सिद्ध झाले. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष हाच. शहरातल्या मुलाला डावपेच सांगणारा मामा असतो, खेड्यातल्याला नसतो. डावपेचांचा उपयोगच नसेल, तर दोघे एका पातळीवर येतात. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात शाळाप्रवेशासाठी पहिली, चुकीची पद्धत होती. कोणती शाळा पहिली लिहावी आणि कोणती टाळावी याची खलबते करणारे पालकांचे गटच तिथे तयार झाले होते. हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांची मुले मागे पडत. संशोधकांनी ते दाखवून दिल्यावर शहराने २००५ मध्ये पद्धत बदलली.

गंमत अशी की ज्या येलच्या अडचणीतून हे गणित निघाले, त्या अमेरिकी कॉलेजांनी ते पदवीच्या प्रवेशासाठी कधीच स्वीकारले नाही. तिथे आजही प्रत्येक कॉलेज स्वतंत्रपणे निवडते; निबंध, शिफारसपत्रे, आणि काही ठिकाणी ‘निवडलेत तर नक्की येईन’ असे आधीच बांधून घेणारा अर्ज. आपले नातेवाईक तिकडे आहेत, त्यांना मुलांच्या अकरावी-बारावीत काय घालमेल होते ती विचारा. तिथल्या डॉक्टरांच्या रुग्णालयातल्या नेमणुका मात्र १९५० च्या दशकापासून अशाच पद्धतीने होतात. गेल-शॅप्लींच्या आधीच ती गोष्ट व्यवहारात आली होती आणि दोन्ही पद्धती मुळात एकच आहेत, हे रॉथ यांनी १९८४ मध्ये दाखवले.

आपल्याकडे हे गणित वेगळ्या वाटेने आले. ती वाट कोर्टातून जाते.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. तोवर कर्नाटकात पैसे भरून शिकायला जाणारी मराठी मुले राज्यातच राहू लागली, गावोगाव कॉलेजे झाली, आणि ‘देणगी’ या सालस शब्दाला नवा अर्थ आला. १९८७ मध्ये राज्याने कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा केला. कायद्याने देणगी थांबली नाही, पावती थांबली. मग सर्वोच्च न्यायालय. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ अशी विभागणी आली. त्या काळी शिकलेल्यांना हे शब्द अजून आठवत असतील. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती योजना मोडली. २००५ मध्ये पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सात न्यायमूर्तींनी सांगितले की विनाअनुदानित संस्थांवर सरकारला आपला कोटा वा आरक्षण लादता येणार नाही; पण प्रवेश गुणवत्तेने, पारदर्शकपणे आणि पिळवणुकीविना व्हायला हवेत, आणि त्यासाठी सामाईक परीक्षा घेता येईल. यातल्या आरक्षणाच्या भागावर संसदेने त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने उत्तर दिले. या सगळ्याच्या शेवटी महाराष्ट्रात २०१५ चा प्रवेश व शुल्क नियमनाचा कायदा आला. आजचा सीईटी कक्ष, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया म्हणजे ‘कॅप’, आणि खासगी कॉलेजांत संस्थेकडे राहणाऱ्या वीस टक्क्यांपर्यंतच्या जागा, हे सगळे या चौकटीतले आहे.

त्याच वर्षी, २०१५ मध्ये, देशपातळीवर आयआयटी आणि एनआयटी यांचे प्रवेश ‘जोसा’ या एका छत्राखाली आले. तोवर दोन्हींच्या याद्या वेगळ्या लागत. मुलगा दोन्हीकडे जागा अडवून बसे आणि एक सोडे, तोवर ती जागा वाया जाई. जोसाची पद्धत गेल-शॅप्लींचीच, मात्र आपल्या आरक्षणाच्या रचनेसाठी तिच्यात बरीच भर घालावी लागली. ते काम भारतीय संशोधकांनी केले आणि त्यावरचा त्यांचा निबंध वाचण्याजोगा आहे.

इथे कोणी विचारेल, की गुणवत्ता यादी एकच असेल तर एवढे गणित कशाला? पहिल्या क्रमांकाला बोलवा, त्याला हवे ते द्या, मग दुसऱ्याला. आमच्या पिढीने तेच पाहिले. सभागृहात उरलेल्या जागांचा फळा असे, माइकवरून नंबर पुकारत, मुलगा वडिलांकडे एकदा बघून शाखेचे नाव सांगे आणि फळ्यावरचा आकडा एकाने उतरे. रांग एकच असती तर ते पुरे होते. पण रांग एक नाही. बहुतेक कॉलेजांत सत्तर टक्के जागा त्या विद्यापीठाच्या परिसरातल्या मुलांसाठी आणि तीस टक्के बाहेरच्यांसाठी असतात. त्यावर सामाजिक आरक्षणाचे प्रवर्ग. त्यांत पुन्हा तीस टक्के मुलींसाठी. सोलापूरची एखादी इतर मागासवर्गातली मुलगी सोलापुरातल्या कॉलेजात चार-पाच वेगवेगळ्या रांगांत उभी असते: खुली, खुल्यातली मुलींची, ओबीसी, ओबीसी मुलींची, आणि विद्यापीठाच्या बाहेरच्यांना खुली नसलेली घरची. तिच्यापुढे कोण आहे हे प्रत्येक रांगेत निराळे. म्हणून यंत्र आणि म्हणून गणित.

गेल्या वर्षीच्या कट-ऑफच्या याद्या वाचतानाही हेच विसरले जाते. त्या यादीत जागेच्या प्रकाराची सांकेतिक अक्षरे असतात: पुढे ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘एल’ म्हणजे मुलींची, मध्ये प्रवर्ग, आणि शेवटी ‘एच’ म्हणजे घरच्या विद्यापीठाची, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्याची, ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. सोलापूरच्या मुलाने पुण्याच्या कॉलेजचा ‘एच’चा आकडा पाहून हुरळायचे किंवा खचायचे काहीच कारण नाही, तो आकडा पुणेकरांचा. त्याचा रकाना ‘ओ’. आमच्या भागातले निम्मे गैरसमज या एका अक्षराचे आहेत.

दुसरा गैरसमज पर्सेंटाइलचा. पंच्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे पंच्याण्णव टक्के गुण नव्हेत. त्या सत्रात बसलेल्या शंभरांपैकी पंच्याण्णव जण त्या मुलाच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा अनेक सत्रांत, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांवर होते म्हणून ही युक्ती. समजा, सगळी मिळून चार लाख मुले बसली, तर एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजार मुले. ‘नुसता अर्धा पर्सेंटाइल कमी पडला’ असे म्हणणाऱ्या बापाला मी त्याच्या मुलापुढची दोन हजार मुले दाखवतो. यादी करताना पर्सेंटाइल बाजूला ठेवावा आणि गुणवत्ता क्रमांक धरावा. मागच्या वर्षी त्या जागेवर शेवटचा आलेला मुलगा कितव्या क्रमांकाचा होता, हेच पाहावे. आणि तेही अंदाजापुरते. कट-ऑफ ही कॉलेजने घातलेली अट नसते. मागच्या वर्षीची गाडी कुठवर भरली त्याची ती खूण असते.

आता मूळ प्रश्न: वर काय टाकू? गणिताचे उत्तर: जे सर्वांत जास्त हवे ते. मिळेल की नाही हा विचार क्रम लावताना करायचाच नाही. तो यादी किती खाली न्यायची हे ठरवताना करायचा. वर न मिळणारी दहा कॉलेजे लिहिली तर अकराव्याला धक्का लागत नाही. यंत्र अकराव्यापाशी येते तेव्हा तुमचा क्रमांक तोच असतो. खाली मात्र नक्की मिळतील अशा जागा हव्यात, नाहीतर फेरी कोरडी जाते.

हे सांगितले की पालक माझ्याकडे संशयाने पाहतात. ‘वरती मोठे टाकले की नंबर वाया जातो’ हे त्यांनी तीन ठिकाणी ऐकलेले असते. तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावातल्या एका मुलीचे असेच झाले. वडील उसाच्या ट्रॅक्टरवर. तिला संगणक शाखा हवी होती, शक्यतो पुण्यात. अर्ज भरून देणाऱ्याने तिला समजावले की हाती असलेले आधी पक्के करावे. आणि जिल्ह्यातले, हमखास मिळणारे, निराळ्या शाखेचे एक कॉलेज पहिल्या रकान्यात टाकले. पहिल्या फेरीत तेच मिळाले. पहिली पसंती मिळाली की ती आपोआप ‘फ्रीझ’ होते. पुढच्या फेऱ्यांची दारे बंद. याद्या लागल्या तेव्हा मी तिच्यासोबत त्या तपासल्या. तिने पाचव्या रकान्यात लिहिलेल्या पुण्याच्या जागेवर, तिच्याच प्रकारच्या रांगेत, तिच्यापेक्षा नऊशे क्रमांक मागची मुलगी बसली होती. यंत्राने काहीच चूक केली नव्हती. तिने जे पहिले मागितले, ते तिला दिले होते.

या घटनेनंतर मी हे गणित शिकवण्याच्या मागे अधिक लागलो. पण २०२५ पासून गणिताचे उत्तर पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही, आणि याची चर्चा मला कुठे फारशी दिसली नाही.

नियम असा झाला. अभियांत्रिकीच्या चार फेऱ्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घेणे सक्तीचे; हे जुनेच. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी कोणतीही मिळाली तरी सक्ती. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही. नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. हेतू समजण्यासारखा आहे. मुले चांगल्या जागा अडवून ‘बेटरमेंट’ची वाट बघत राहतात, कॉलेजे सप्टेंबर उजाडला तरी पूर्ण सुरू होत नाहीत, आणि शेवटी रिकाम्या जागा उरतात.

पण याने गेल-शॅप्लींच्या मुळावरच घाव बसतो. समजा, एका मुलाचा खरा क्रम असा आहे: पुण्यात संगणक, पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स, सांगलीत संगणक, मग बाकीचे. दुसऱ्या फेरीत त्याला सांगली मिळाली. ती तिसरी, म्हणून पक्की. तिसऱ्या फेरीआधी पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्समधला कोणी एनआयटीला गेला, जागा मोकळी झाली, आणि ती या मुलाच्या मागच्या क्रमांकाला गेली. मागच्याला ती का मिळाली? कारण त्याला दुसऱ्या फेरीत वाईट जागा मिळाली होती. म्हणजे जी तक्रार कोणालाच करता येऊ नये यासाठी ही पद्धत काढली, तीच तक्रार आता करता येते.

त्यावरची पळवाट मुलांनी पंधरा दिवसांत शोधली. वरचे तीन किंवा सहा रकाने कधीही मिळणार नाहीत अशा जागांनी भरायचे; राज्यातली सर्वांत अवघड कॉलेजे, त्यांतली सर्वांत अवघड शाखा. खरी यादी सातव्यापासून सुरू करायची. मग काही मिळाले तरी ते हातात ठेवून पुढे थांबता येते. गणिताने पाहिले तर यात धोका जवळजवळ नाही. ज्याला हे कोणी सांगितले त्याला जास्त संधी, ज्याला नाही त्याला कमी. बॉस्टनमध्ये जे मोडायला काही वर्षे लागली, ते इथे नियम करून आणले गेले. जागा अडवून ठेवणे थांबवायचे असेल तर जागा घेऊन सोडणाऱ्याकडून जास्त शुल्क घ्यावे, राज्याच्या फेऱ्या जोसाच्या फेऱ्या संपल्यावर सुरू कराव्यात. हे माझे मत. यावर प्रशासनाची बाजू असेल, आणि कॉलेज लवकर सुरू होण्याची निकड खरी आहे.

तोवर मी ओसरीवर सांगतो ते असे. पहिल्या रकान्यात अशीच जागा लिही, जी मिळाली तर तू त्या दिवशी पेढे वाटशील. दुसऱ्या फेरीच्या पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीच्या पहिल्या सहा रकान्यांत अशीच नावे ठेव, जिथे चार वर्षे काढायला तुझे मन तयार आहे. प्रत्येक फेरीआधी यादी नव्याने पाहा; पहिल्या फेरीची यादी दुसरीला तशीच्या तशी पाठवू नकोस. अकरावीच्या प्रवेशातही हेच तत्त्व आहे. ती ऑनलाइन प्रक्रिया २०२५ मध्ये राज्यभर लागू झाली, तिथे पसंती दहाच, आणि पहिली मिळून नाकारली तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावे लागते.

यादीत पैशाचाही हिशेब असतो, आणि तो कोणी सांगत नाही. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचे दोन सांकेतिक क्रमांक दिसतात. एकाच्या शेवटी ‘टी’. ती शिक्षणशुल्क माफीची जागा, मंजूर जागांवर पाच टक्के जादा, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्यांसाठी. ती हवी असेल तर साध्या क्रमांकाच्या वर लिहावी लागते. खाली लिहिली तर साधी जागा आधी मिळेल आणि माफीपर्यंत यंत्र पोचणारच नाही. शिवाय राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून मिळणारी निम्मी शिक्षणशुल्क सवलत असो, की २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या इतर मागासवर्ग, आर्थिक मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना लागू झालेली पूर्ण माफी, दोन्ही कॅपमधून आलेल्यांनाच आहेत. संस्थेच्या कोट्यातून ‘फक्त थोडे जास्त’ भरून घेतलेली जागा चार वर्षांत किती महाग पडते, ते कागदावर मांडून पाहावे. मी मांडून दाखवतो तेव्हा बाप बराच वेळ काही बोलत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी कागद. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवे. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंतचे. जोसाला केंद्राच्या नमुन्यातले निराळे लागते, तेही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेले. हे सेतू केंद्रात धावपळ करून मिळते. मिळत नाही ती जात पडताळणी.

तिच्यात अर्जदाराला सिद्ध करावे लागते ते स्वतःबद्दल नव्हे, पूर्वजांबद्दल. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा, जात आणि वास्तव्य दाखवणारा पुरावा. ज्यांचे आजोबा पाल ठोकून गावोगाव फिरले त्यांच्याकडून १९६१ चा वास्तव्याचा पुरावा मागायचा, यातला विरोधाभास मी अनेकदा बोलून दाखवला आहे. बोलून कागद मिळत नाही. मुलाला सुरुवातीला पडताळणीच्या अर्जाच्या पावतीवर प्रवेश मिळतो, मुदत दिली जाते, ती अनेकदा वाढवलीही जाते. पण शेवटपर्यंत प्रमाणपत्र आले नाही तर तो खुल्या रांगेत जातो आणि तिथे त्याच्या क्रमांकाला ती जागा नसते. सोबत शुल्काची सवलतही जाते. यादीचे सगळे गणित जिंकून मुलगा इथे हरतो.

वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, चुलता, चुलतभाऊ, आत्या, कोणाची पडताळणी झालेली असेल तर काम पुष्कळ सोपे होते. म्हणून पहिल्यांदा भाऊबंदकी बाजूला ठेवून चुलत्याच्या घरी जावे. नसेल तर आजोबा किंवा पणजोबा ज्या शाळेत काही महिने का होईना गेले, तिथला निर्गम उतारा. तहसील कचेरीतली जन्म-मृत्यूची जुनी नोंद, गाव नमुना १४. जुना खरेदीखताचा दस्त. मोडी लिपीतली नोंद असली तर लिप्यंतर करून घ्यावे लागते आणि त्याला वेळ लागतो. विज्ञान शाखेच्या मुलाचा अर्ज बार्टीच्या संकेतस्थळावर भरून कॉलेजमार्फत समितीकडे जातो. हा अंक हाती पडेल तेव्हा शाळांना सुट्टी असेल. ती संपताच, ज्यांचे मूल यंदा अकरावीत किंवा बारावीत आहे त्यांनी आजोबांच्या गावची शाळा गाठावी. जाताना आजोबांचे पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि अंदाजे जन्मसाल लिहून न्यावे. जुन्या रजिस्टरात आडनावे नसतात. ‘रामा बिन भिवा’ एवढेच असते, आणि असे रामा त्या पानावर तीन असू शकतात.